शिल्लक काळाचा हिशेब

सकाळी दुकान उघडण्यापासून रात्री गल्ला मोजण्यापर्यंत ज्यांचे आयुष्य गेले, अशा घरातील ज्येष्ठांच्या वागण्यात सत्तरीच्या आसपास एक बदल दिसू लागतो. ज्या आडत्याच्या घरचे लग्न त्यांनी पूर्वी कधीही चुकवले नसते, त्याची पत्रिका आली की ते मुलाला पाठवतात. व्यापारी संघाच्या सभेला जाणे थांबते. नव्या पेढीशी व्यवहार सुरू होणार असला, तरी तिच्या मालकाची ओळख करून घेण्याची उत्सुकता त्यांच्यात उरलेली नसते. मात्र परगावी दिलेल्या मुलीचा फोन येणार असेल, तर ते तासभर आधीपासून फोनजवळ बसून राहतात. घरातली माणसे याचा अर्थ आपापल्या परीने लावतात. कोणी म्हणते थकले, कोणी म्हणते मन उठले; एखादी सून काळजीने सुचवते की बाबांना चार माणसांत मिसळायला लावले पाहिजे.

मानसशास्त्रातही बराच काळ असाच समज होता. १९६१ मध्ये इलेन कमिंग आणि विल्यम हेन्री या अमेरिकन संशोधकांनी मांडले, की म्हातारपणी माणूस समाजातून हळूहळू अंग काढून घेतो आणि समाजही त्याला मोकळे करतो. जणू मृत्यूची ती दोन्ही बाजूंनी केलेली पूर्वतयारी असते. या मताला पुढे ज्यांनी छेद दिला, त्या लॉरा कार्स्टेन्सन यांची वाट मोठी विलक्षण आहे. वयाच्या एकविसाव्या वर्षी मोटार अपघातात त्यांची अनेक हाडे मोडली आणि त्यांना कित्येक महिने रुग्णालयात पडून राहावे लागले. अस्थिरुग्णांच्या त्या कक्षात शेजारी बहुतेक वृद्ध स्त्रिया होत्या. त्यांचे वडील रोचेस्टर विद्यापीठात प्राध्यापक होते. मुलीचा वेळ जावा म्हणून ते मानसशास्त्राच्या वर्गात स्वतः जाऊन बसत आणि व्याख्याने ध्वनिमुद्रित करून तिला आणून देत. अभ्यासाचा आरंभ असा खाटेवर झाला, आणि अभ्यासाचा विषयही शेजारच्या खाटांवरच होता.

पुढे संशोधक झाल्यावर कार्स्टेन्सन यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात वृद्धांच्या मुलाखती घेतल्या. त्यांत दोन वयस्क बहिणी होत्या. त्यांच्या जिवाभावाच्या मैत्रिणी एकामागून एक निवर्तल्या होत्या. त्या राहत होत्या त्या वसाहतीत समवयस्क माणसे मात्र पुष्कळ होती. मग त्यांच्याशी नवी मैत्री का करीत नाही, या प्रश्नावर बहिणींनी सांगितले, की त्या लोकांसाठी आमच्यापाशी वेळ नाही. उत्तर प्रथमदर्शनी चमत्कारिक होते, कारण दोघींचा दिवसच्या दिवस रिकामा होता. त्या घड्याळातल्या वेळेविषयी बोलत नसून आयुष्यात उरलेल्या अवधीविषयी बोलत आहेत, हे कार्स्टेन्सन यांच्या मागाहून ध्यानात आले. मराठी माणसाला हा भेद समजायला कदाचित इतका विलंब लागला नसता. वेळ आली होती पण काळ आला नव्हता, असे म्हणणाऱ्या भाषेने दोन्ही शब्द वेगळे राखले आहेत.

या उत्तरातून जी विचारसरणी उभी राहिली, तिचा गाभा असा: आपल्यापुढे किती काळ शिल्लक आहे, याचा अंदाज माणूस नकळत सतत बाळगून असतो. काळ अफाट वाटतो तेव्हा तो ओळखी वाढवतो, नवे शिकतो, आजची दगदग उद्याच्या लाभासाठी सोसतो. काळ आखूड वाटू लागला, की जे आत्ता मनाला समाधान देते त्याकडे तो वळतो. हे पारखण्यासाठी बार्बरा फ्रेडरिक्सन यांच्यासह केलेल्या १९९० च्या अभ्यासात एक अगदी साधा प्रश्न होता. अर्धा तास मोकळा मिळाला, तर तो कोणाबरोबर घालवाल? जवळच्या नातलगाबरोबर, नुकतीच ओळख झालेल्या व आवडी जुळणाऱ्या व्यक्तीबरोबर, की नुकत्याच वाचलेल्या पुस्तकाच्या लेखकाबरोबर? वृद्धांनी बहुसंख्येने नातलग निवडला. तरुणांची निवड विखुरलेली होती. परंतु तुम्ही लवकरच देशाच्या दुसऱ्या टोकाला एकट्याने कायमचे जाणार आहात अशी कल्पना करा, असे सांगितल्यावर तरुणही नातलगांकडेच वळले.

उलट दिशेनेही हा प्रयोग झाला. एखाद्या नव्या वैद्यकीय शोधामुळे अपेक्षेपेक्षा २० वर्षे अधिक आणि तीही बऱ्या प्रकृतीत लाभणार आहेत, असा डॉक्टरांचा फोन आला आहे, अशी कल्पना वृद्धांना करायला सांगितली गेली. तेवढ्यानेच नातलगांकडे असलेला त्यांचा विशेष ओढा मावळला. शरीर तेच, गुडघे तेच, थकवा तोच. बदलला होता तो फक्त शिल्लक काळाचा अंदाज.

काल्पनिक प्रश्नांची उत्तरे कितपत खरी मानावीत, अशी शंका व्यवहारी माणसाच्या मनात यावी हे योग्यच आहे. तिचे उत्तर इतिहासाने दिले. १ जुलै १९९७ रोजी हाँगकाँग ब्रिटिशांकडून चीनकडे जाणार होते. हेलीन फंग आणि कार्स्टेन्सन यांनी तेथील लोकांना हाच प्रश्न वेगवेगळ्या वेळी विचारला. वर्षभर आधी फरक नेहमीसारखाच होता: वृद्धांचा कल आप्तांकडे, तरुणांचा तसा नाही. हस्तांतरणाचा दिवस जवळ आला, तेव्हा तरुणांचा कलही वृद्धांसारखा झाला. दिवस उलटून गेला, दुकाने उघडली, व्यवहार पूर्ववत झाले, आणि दोन पिढ्यांमधील फरक पुन्हा दिसू लागला. एच. आय. व्ही. बाधित पुरुषांच्या अभ्यासात तर वय सारखे असूनही ज्यांच्यात रोगाची लक्षणे प्रकट झाली होती, त्यांचा माणसांकडे पाहण्याचा दृष्टिकोन वृद्धांसारखा आढळला.

बर्लिनमध्ये ७० ते १०४ वर्षे वयाच्या १५६ व्यक्तींच्या नातेसंबंधांची मोजदाद झाली. अतिवृद्धांचा एकूण गोतावळा त्यांच्याहून लहान असलेल्या वृद्धांच्या जवळजवळ निम्मा होता. अत्यंत निकटच्या माणसांची संख्या मात्र दोन्ही गटांत फारशी वेगळी नव्हती. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर किरकोळ खाती बंद झाली होती आणि जुनी, विश्वासाची खाती चालू होती.

फंग यांनी जाहिरातींवरही काम केले आहे, आणि ते दुकानदारांनी मुद्दाम लक्षात घेण्याजोगे आहे. एकाच कॅमेऱ्याच्या दोन जाहिराती केल्या: एकीत अज्ञात जग टिपण्याचे आवाहन, दुसरीत जिव्हाळ्याचे क्षण जपण्याचे. वृद्धांना दुसरी अधिक रुचली आणि अधिक स्मरणातही राहिली. चित्र तेच, वस्तू तीच.

पिता-पुत्रांमधील कित्येक मतभेदांकडे या प्रकाशात पाहता येते, जरी हे प्रयोगशाळेबाहेरचे निरीक्षण असले तरी. पस्तिशीतल्या मुलाला नवी एजन्सी घ्यायची असते, दूरच्या शहरात शाखा काढायची असते, अनोळखी माणसांत उठबस वाढवायची असते. त्याच्या लेखी आजची ओढाताण ही दहा वर्षांनंतरच्या उत्पन्नाची मुद्दल असते. वडील एकच विचारतात, त्या गावात आपले कोण आहे? मुलाला हा प्रश्न जुनाट वाटतो. मग वडिलांनी धाडस गमावले, असा निष्कर्ष निघतो, आणि मुलाला घराची किंमत राहिली नाही, असा दुसरा निष्कर्ष दिवाणखान्याच्या दुसऱ्या टोकाला निघतो. मुदत वेगवेगळी धरली, तर एकाच रकमेवरचे व्याज वेगळे येते, एवढे तरी दोघांना ठाऊक असते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. सभा-समारंभ सोडून जवळच्या चार माणसांत रमणे ही निवड आहे. नातवंडे आली तरी खोलीबाहेर न येणे, मुलीचा फोनही नकोसा होणे, आवडीच्या पदार्थाची चव जाणे, ही निवड नव्हे. तेथे औदासीन्याचा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार होऊ शकतो. पहिल्या प्रकारच्या ज्येष्ठाला ओढून मेळाव्यात नेणारी आणि दुसऱ्या प्रकारच्या ज्येष्ठाला वय झाले म्हणून सोडून देणारी, अशी दोन्ही प्रकारची घरे दिसतात. त्यांतील दुसरी चूक महागात पडते.

स्मरणाविषयीचा २००३ चा एक अभ्यासही येथे नोंदवण्याजोगा आहे. सुखद, दुःखद आणि साधी चित्रे दाखवून नंतर आठवायला सांगितल्यावर, वाढत्या वयाबरोबर दुःखद चित्रांचा वाटा कमी होत गेलेला आढळला. घरोघरी याचा अनुभव वेगळ्या रूपात येतो. वाटणीच्या वेळी सख्ख्या भावाशी बोलणे तुटलेले असते. कोणती भिंत कोणाची आणि कोणत्या वखारीत किती माल होता, हे मुलांना कागदांसह पाठ असते, कारण त्यांना अजून त्याच बाजारात वावरायचे आहे. वडिलांना आठवते ते दोघांनी मिळून एका सायकलवर केलेल्या फेऱ्यांचे दिवस. एके सकाळी चहा घेता घेता ते म्हणतात, एकदा भेटून यावे म्हणतो. मुलांना तो मनाचा दुबळेपणा वाटतो, कोणी वकिलाला विचारून घेऊ म्हणतो. सध्या हंगाम आहे, दिवाळीनंतर पाहू, असे उत्तर बहुतेक घरांत मिळते.