वर्गणीपुरता नागरिक

मुंबई-पुण्यातील मध्यमवर्गीय वस्त्यांमध्ये रहिवासी संघांचा सुकाळ झाला आहे. संघाचा वर्षाचा क्रम ठरलेला असतो. संक्रांतीला हळदीकुंकू, २६ जानेवारीस झेंडावंदन, उन्हाळ्यात मुलांचे शिबिर, भाद्रपदात दहा दिवस गणपती व त्यानिमित्त पाककृती आणि चित्रकलेच्या स्पर्धा, कोजागरीचे मसाला दूध, दिवाळीच्या पहाटे गाणी. वर्षाअखेरीस वार्षिक सभा भरते, जमाखर्च मंजूर होतो आणि अहवालात एक वाक्य न चुकता येते: रहिवाशांचा उत्स्फूर्त सहभाग लाभला. हे वाक्य खोटे नसते. खुर्च्या खरोखरच भरलेल्या असतात. प्रश्न एवढाच आहे की, खुर्च्या भरणे म्हणजे सहभाग काय?

लोकशाहीच्या परिभाषेत सहभाग या शब्दाला नेमका अर्थ आहे. ज्या निर्णयाचे परिणाम माणसाला भोगावे लागतात, त्या निर्णयात त्याचा वाटा असणे म्हणजे सहभाग. पाणी कोणत्या वस्तीला किती वेळ यावे, मोकळी जमीन मैदानासाठी ठेवावी की इमारतीसाठी द्यावी, पालिकेचा पैसा उड्डाणपुलावर खर्च व्हावा की दवाखान्यावर, हे ते निर्णय. या कसोटीवर आजच्या रहिवासी संघांचा सहभाग उतरत नाही. तो उतरावा अशी संघांच्या धुरीणांची इच्छाही दिसत नाही, ही अधिक गंभीर गोष्ट होय.

याचे प्रमाण नजीकच्या इतिहासात सापडते. बृहन्मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. पुण्याचीही त्याच महिन्यात संपली. प्रभागरचना व आरक्षण यांच्या वादात निवडणुका लांबत गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये चार महिन्यांत निवडणुका घेण्याचा आदेश दिला, तरी प्रत्यक्ष मतदान व्हावयास जानेवारी २०२६ उजाडले. म्हणजे जवळजवळ चार वर्षे देशातील सर्वांत श्रीमंत पालिकेचा कारभार प्रशासकाच्या हाती होता. २०२५-२६ सालचा ७४,४२७ कोटी रुपयांचा अर्थसंकल्प प्रशासकानेच मांडला व त्यानेच मंजूर केला. २२७ निर्वाचित नगरसेवकांपैकी एकही त्यावर बोलावयास सभागृहात नव्हता, कारण सभागृहच नव्हते. या काळात कोजागरीचे दूध कोठेही थांबले नाही. किती संघांनी आपल्या वार्षिक सभेत ‘निवडणूक घ्या’ असा साधा एका ओळीचा ठराव केला? ज्यांनी केला त्यांचे अभिनंदनच केले पाहिजे. परंतु ते अपवाद होते. उलट, नगरसेवकाची मध्यस्थी गेली आणि साहेबांची थेट गाठ पडू लागली याचे समाधान सुशिक्षित वस्त्यांतून उघडपणे व्यक्त होत होते. लोकप्रतिनिधीवाचून आपले अधिक सुरळीत चालते असे ज्या वर्गाला वाटते, त्याच्या सहभागाचे मोल किती समजावयाचे?

उत्सव आणि राजकीय जाणीव यांचे हाडवैर आहे, असे मात्र कोणी समजू नये. १८९३ साली गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणपती बसला, त्यामागील हेतू आरतीपुरता नव्हता. पुढे गिरणगावात चाळीच्या समित्या, व्यायामशाळा, भजनी मंडळे आणि कामगार संघटना एकाच माणसांच्या बळावर उभ्या होत्या. अमर शेख, अण्णाभाऊ साठे, गवाणकर यांचे कार्यक्रम ज्या पटांगणात होत, त्याच पटांगणात संपाच्या सभा होत. संयुक्त महाराष्ट्राचा लढा चाळीचाळींतून लढला गेला. १९७२ साली मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली लाटणी घेऊन रस्त्यावर उतरलेल्या हजारो स्त्रियांची ओळख हळदीकुंकवात, भिशीत आणि नळावरच झालेली होती. गोरेगावच्या वस्त्यांत पाण्यासाठी लढताना मृणालताईंना ‘पाणीवाली बाई’ हे नाव मिळाले, ते शेजाऱ्यांच्या संघटनेतूनच. तेव्हा शेजारधर्माला राजकीय आशय होता. आज शेजारधर्म उरला आहे, तोही इमारतीच्या फाटकाच्या आत. त्यातला आशय निघून गेला आहे.

हा आशय का निघून गेला, हे पाहावयाचे तर सभासद कोण याकडे पाहावे लागते. रहिवासी संघ या नावात ‘रहिवासी’ हा शब्द आहे. व्यवहारात त्याचा अर्थ ‘मालक’ असा होतो. भाडेकरू दहा वर्षे राहिला तरी त्याला मत नसते. त्याच वस्तीत दिवसाचे दहा तास काढणारी घरकामगार स्त्री, पहारेकरी, कोपऱ्यावरची भाजीवाली, मागच्या बाजूच्या झोपडपट्टीतील कुटुंबे यांचा तर विचारच नाही. त्यांचा उल्लेख अहवालात येतो तो ‘उपद्रव’ या सदराखाली. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईच्या सुमारे सव्वा कोटी लोकसंख्येपैकी सुमारे ४१ टक्के माणसे झोपडपट्टीत राहत होती. ज्या सहभागातून आरंभीच एवढी माणसे वगळली जातात, त्याला वर्गसंघटन म्हणावे. लोकसहभाग म्हणू नये.

या वगळण्याची मुळे जुनी आहेत. मुंबईतील सहकारी गृहनिर्माणाचा आरंभ १९१५ साली गावदेवीच्या सारस्वत सोसायटीने झाला, म्हणजे सहकाराचे तत्त्व जातीच्या कुंपणातच रुजले. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सभासदत्व आपल्या समाजापुरते मर्यादित ठेवणारा पोटनियम वैध ठरवला. सहकार म्हणजे समानांनी एकत्र येणे, ही कल्पना ‘आपल्यासारख्यांनी एकत्र येणे’ अशी आकसली. आता जातीचे नाव घेतले जात नाही. आहाराचे, ‘संस्कृती’चे, किंवा निव्वळ घरांच्या किमतीचे नाव घेतले जाते, आणि काम तेच होते.

शासनानेही ही प्रवृत्ती जोपासली. मुंबई महापालिकेने १९९७ च्या सुमारास गल्लीगल्लीत नागरिकांचे स्थानिक व्यवस्थापन गट, म्हणजेच ‘एएलएम’, स्थापण्याची योजना सुरू केली. घाटकोपरच्या जोशी लेनमध्ये कचरा वेगळा करण्याचा चांगला प्रयोग झाला होता, त्यातून ती निघाली. दिल्लीत २००० साली ‘भागीदारी’ आली. तिच्या पहिल्या टप्प्यात बोलावणे गेले ते नियमित वसाहतींच्या निवासी संघांना, झोपड्यांना व अनधिकृत वस्त्यांना नव्हे. कचरा वेगळा करणे हे चांगलेच काम आहे. पण अशा योजनांतून पालिकेच्या अधिकाऱ्याला एक सोयीचा ‘नागरिक’ मिळाला. तो सुशिक्षित असतो, निवेदन टंकलिखित देतो, मोर्चा आणत नाही, आणि त्याच्या मागण्यांत ‘फेरीवाले हटवा’ ही पहिली असते. निवडून न आलेल्या माणसांशी निवडून न आलेल्या अधिकाऱ्याने केलेला हा व्यवहार लोकशाहीच्या नावाने खपवला जातो.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने या स्थितीचे विश्लेषण आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० सालीच करून ठेवले आहे. एखादी सेवा खालावली की तिच्या ग्राहकापुढे दोन वाटा असतात. ओरड करून ती सुधारावयास लावणे ही एक, आणि ती सोडून दुसरीकडे जाणे ही दुसरी. ज्यांची ओरड सर्वांत परिणामकारक ठरली असती तेच आधी निघून गेले की मागे राहिलेल्यांची सेवा आणखी खालावते. आजचा सुस्थित रहिवासी संघ हे निघून जाण्याचे सामुदायिक साधन झाला आहे. नळाला पाणी नसेल तर टँकर, पोलीस अपुरे असतील तर खाजगी पहारा, वीज गेली तर जनित्र, बाग उजाड असेल तर वर्गणीतून माळी. प्रत्येक वस्तू संघ विकत घेतो, आणि विकत घेतली की पालिकेशी भांडण्याचे कारण उरत नाही. पलीकडच्या वस्तीला टँकर परवडत नाही. तिच्या बाजूने बोलणारा सुशिक्षित आवाज मात्र रांगेतून निघून गेलेला असतो. म्हणजे संघ जितका कार्यक्षम, तितकी सार्वजनिक सेवा निराधार, असे विपरीत समीकरण तयार होते.

यावर संघांच्या बाजूने एक आक्षेप येईल, आणि तो विचारात घेण्यासारखा आहे. संघ नसते तर काय झाले असते? जानेवारी २०१६ मध्ये पालिकेने मैदाने व उद्याने दत्तक देण्याचे धोरण मंजूर केले तेव्हा नागरिकांच्या गटांनीच आवाज उठवला आणि त्याला स्थगिती मिळाली. २००७ च्या पालिका निवडणुकीत जुहूच्या नागरिकांनी पक्षांना बाजूला सारून आपला उमेदवार निवडून आणला. भिवंडीचे उदाहरण तर अभिमानाचे आहे. १९७० व १९८४ च्या दंगलींनी पोळलेल्या त्या गावात १९८८ पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. हिंदू-मुसलमान शेजारी नियमाने एकत्र बसू लागले, आणि १९९२-९३ साली मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली.

हे सर्व खरे आहे; किंबहुना त्यानेच मूळ मुद्दा सिद्ध होतो. भिवंडीच्या समितीत यंत्रमाग कामगार बसला आणि दुकानदारही बसला. सभासदत्वासाठी सातबारा किंवा शेअर सर्टिफिकेट दाखवावे लागले नाही. मैदानांच्या प्रश्नावर नागरिक जमले ते सर्वांच्या मालकीची वस्तू वाचवण्यासाठी. रहिवासी जेव्हा मालक म्हणून न जमता नागरिक म्हणून जमतात, तेव्हा त्यांच्या हातून मोठी कामे होतात. आक्षेप संघटनेवर नाही. तिच्या दारावर लावलेल्या कुलपावर आहे.

दुसरा आक्षेप असा की, संघात राजकारण नको. हा आक्षेप घेणाऱ्यांनी आपल्याच उत्सवाच्या मंडपाकडे एकवार पाहावे. प्रवेशद्वारावर इच्छुक उमेदवाराचे हात जोडलेले छायाचित्र असते, त्याच्या शेजारी बांधकाम व्यावसायिकाची जाहिरात असते. बक्षिसे त्याची, ध्वनिवर्धक त्याचा आणि पुढल्या वर्षी पुनर्विकासाचा प्रस्तावही त्याचाच. देणगी घेताना राजकारण दिसत नाही. कोणी हिशेब विचारला किंवा झोपडपट्टीच्या पाण्याचा विषय काढला की मात्र लगेच दिसते. राजकारण नको याचा व्यवहारातील अर्थ, ज्यांचे राजकारण चालू आहे त्यांना अडवू नका, एवढाच होतो.

तेव्हा करावयाचे काय? कायद्याने एक दार उघडून ठेवले आहे. १ जून १९९३ रोजी अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तीन लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक केल्या. महाराष्ट्राने अनेक प्रभाग एकत्र करून त्या इतक्या मोठ्या केल्या की नागरिकाला त्यांचा पत्ताही लागू नये. २००९ साली राज्याने, केंद्राच्या अनुदानाची अट म्हणून का होईना, क्षेत्रसभेचा कायदा केला. काही मतदान केंद्रांच्या परिसरातील सर्व नोंदलेले मतदार हे तिचे सभासद. येथे मालक व भाडेकरू, सदनिका व झोपडी असा भेद नाही. मतदारयादीत नाव हीच पात्रता. त्यानंतरच्या दीड दशकात हा कायदा बहुतांशी कागदावरच राहिला. खेड्यातील अल्पभूधारकाला ग्रामसभेत उभे राहून सरपंचाला हिशेब विचारता येतो. मुंबईतल्या विद्यापीठाच्या पदवीधराला आपल्या नगरसेवकाला कायदेशीर सभेत प्रश्न विचारण्याची सोय नाही, आणि त्याची खंतही नाही.

आता निर्वाचित पालिका पुन्हा आल्या आहेत. समाजवादी कार्यकर्त्यांनी आपापल्या वस्तीत तीन गोष्टींचा आग्रह धरावा. पहिली, प्रत्येक प्रभागात क्षेत्रसभा भरलीच पाहिजे, तिची तारीख आधी जाहीर झाली पाहिजे आणि तिच्या ठरावांना पालिकेने लेखी उत्तर दिले पाहिजे. दुसरी, रहिवासी संघाचे सभासदत्व मालकीवर न ठरता वास्तव्यावर ठरावे, आणि घरकामगार, फेरीवाले व शेजारच्या झोपडपट्टीचे प्रतिनिधी संघाच्या बैठकीस हक्काने बसावेत. तिसरी, प्रभागात खर्च होणाऱ्या निधीचा अग्रक्रम सभेने ठरवावा. ब्राझीलमधील पोर्तो आलेग्रे शहरात कामगार पक्षाने १९८९ साली नेमके हेच सुरू केले आणि गरीब वस्त्यांतील सामान्य माणसे अर्थसंकल्पावर वाद घालू लागली. पुण्याने २००६ मध्ये त्याच धर्तीवर नागरिकांकडून कामे सुचवून घेण्यास आरंभ केला. परंतु अर्ज भरून पेटीत टाकणे आणि सभेत उभे राहून शेजाऱ्याशी वाद घालून निर्णय घेणे यांत फार अंतर आहे. सत्तापालट होताच अशी व्यवस्था कशी खिळखिळी होते, हेही पोर्तो आलेग्रेने दाखवले आहे. तेथे २०१७ मध्ये ती स्थगित झाली. लोकांनी सांभाळली नाही तर कोणतीही सभा फार काळ टिकत नाही.

हळदीकुंकू होवो, कोजागरीही होवो. दुधासाठी जमलेल्या दोनशे माणसांपुढे प्रभागाचा अर्थसंकल्प वाचून दाखवण्यास अर्धा तास पुरतो, आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. त्या रात्री मागच्या वस्तीतील माणसांनाही बोलावणे जावे, आणि त्यांच्यासाठी सतरंजी वेगळी असू नये. वर्गणीची पावती हाच ज्याच्या नागरिकत्वाचा एकमेव दाखला आहे, तो नागरिक पालिकेला, बिल्डराला आणि पुढाऱ्याला सारखाच प्रिय असतो. त्याने एकदा हिशेब विचारून पाहावा.