झाडाचं चित्र आणि दीड रुपयाचा बांबू

ऑफिसच्या मेलखाली हिरव्या अक्षरांत एक ओळ असते ना, 'प्रिंट काढण्याआधी पर्यावरणाचा विचार करा'? तिचा थोरला भाऊ म्हणजे कंपनीच्या डायरीच्या शेवटच्या पानावरचं ते इवलंसं झाड. बरोबरच्या खुणेतून उगवलेलं, खाली एफएससी अशी अक्षरं. फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल ही संस्था १९९३ साली निघाली. हा कागद नीट सांभाळलेल्या जंगलातून आला, असं ते झाड सांगतं.

यावर आपल्या लोकांत दोन पार्ट्या दिसतात. एक म्हणते, झालं, आपण पृथ्वी वाचवली! दुसरी म्हणते, सगळा मार्केटिंगचा खेळ. मला दोन्ही पटत नाहीत. शिक्का कामाचा आहे, पण कंपन्या ज्यासाठी मिरवतात त्यासाठी नाही.

आधी तो चालतो कसा ते बघू. जंगल किंवा लागवड, मग लगदा, मिल, कागदाचा व्यापारी, छापखाना. माल ज्याच्या ज्याच्या मालकीचा होतो, त्या प्रत्येकाकडे स्वतःचं सर्टिफिकेट लागतं. मधली एक कडी तुटली की शेवटी झाड छापता येत नाही. सर्टिफिकेट पाच वर्षांचं, तपासणी दरवर्षी. आपल्या भाषेत, पूर्ण ऑडिट ट्रेल. त्यातही प्रकार आहेत. '१०० टक्के', 'रिसायकल्ड' आणि 'मिक्स'. मिक्समध्ये सर्टिफाइड लाकडाबरोबर नुसतं 'कंट्रोल्ड' म्हटलेलं, म्हणजे निदान बेकायदा तोडीचं नसलेलं लाकूडही चालतं. तेव्हा नुसतं झाड बघून खूश होऊ नका, खालचा शब्द वाचा.

पण सीएमएम लेव्हल ५ वाल्या कंपनीत काम केलेल्या कुणालाही विचारा, कागदपत्रं चोख असणं आणि काम चोख असणं यात किती अंतर असतं! जंगलाच्या बाबतीत हे अंतर किती महाग पडतं, ते आपल्या शेजारी, उत्तर कन्नड जिल्ह्यात एकदा दिसलं आहे.

दांडेलीच्या कागद मिलला १९५८ पासून सरकारी जंगलातला बांबू मिळायचा टनाला दीड रुपया दराने. हो, दीड रुपया. टोपल्या विणणाऱ्यांना तोच बांबू बाजारात याच्या कित्येक पट भावाने घ्यावा लागे. पुढे बांबू संपत चालल्याची ओरड झाली आणि १९७५ च्या सुमारास माधव गाडगीळांनी त्याचा अभ्यास सुरू केला. तोवर दोष गावकऱ्यांवर आणि त्यांच्या गुरांवर होता. प्रत्यक्षात निघालं वेगळंच. बांबूच्या बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचं जाळं असतं. बेट मोकळं झालं की चांगलं वाढेल, अशा समजुतीने ते साफ केलं जायचं. कुंपणच गेलं म्हटल्यावर नवे कोंब माकडं, साळिंदरं आणि गुरं खाऊन टाकायची! हे गावकऱ्यांना ठाऊक होतं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

आता कल्पना करा, तेव्हा एखादा ऑडिटर नुसता चेकलिस्ट घेऊन आला असता तर? 'बेटांची साफसफाई नियमित' म्हणून त्याने टिक केली असती.

म्हणून एफएससीच्या नियमांत मला सगळ्यात मोलाचं कलम वाटतं ते आदिवासींच्या आणि स्थानिकांच्या हक्कांचं. जंगलाच्या तपासणीचा सारांशही जाहीर करावा लागतो. म्हणजे ज्याला शंका आहे त्याला प्रश्न विचारायला जागा राहते. शिक्क्याची खरी किंमत हीच.

अर्थात शिक्क्याशिवायही हे होतं. गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) घ्या. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू बाहेर न्यायचा परवाना स्वतः देण्याचा अधिकार मिळायला मात्र एप्रिल २०११ उजाडला. किती तोडायचा, कुणाला विकायचा, हे ग्रामसभा ठरवू लागली. ज्यांचं जगणं त्या बांबूवर आहे, त्यांच्याइतका कडक ऑडिटर कुठून आणणार?

आता आपल्या पनवेलकडे येऊ. लग्नपत्रिका, बिलबुकं, मंडळांचे अहवाल छापणारे गल्लीतले छोटे छापखाने. चार माणसांच्या प्रेसने सर्टिफिकेटची फी आणि वर्षावर्षाचं ऑडिट कसं परवडवायचं? छोट्यांसाठी गट करून सर्टिफिकेट घ्यायची सोय आहे, पण नोंदी ठेवायचं काम सुटत नाही. शिवाय झाडाचं चित्र नाही म्हणजे जंगल लुटलं, असंही नाही. १९८८ च्या वनधोरणाने कागद मिलना कच्चा माल शेतकऱ्यांकडून घ्यायला सांगितलं. त्यामुळे आज आपल्याकडचा बराचसा कागद शेतातल्या निलगिरी, सुबाभूळ, सुरूचा असतो, आणि त्याहून जास्त रद्दीपासून बनलेला. उद्या प्रत्येक टेंडरमध्ये 'एफएससी सक्तीचं' असं कॉपी-पेस्ट झालं तर जंगलाआधी हे छापखानेच साफ होतील.

तेव्हा माझं म्हणणं साधं आहे. शिक्का मागायचाच तर मोठ्यांकडे मागा. लाखो प्रती काढणाऱ्या कंपन्या, निर्यातीची पुस्तकं छापणारे, मोठ्या मिल. तिथे झाडाखालचा लायसन्स नंबर एफएससीच्या साइटवर टाकून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. गल्लीतल्या प्रेसवाल्या काकांकडे मात्र रद्दीपासून बनलेला कागद मागा, आणि पाचशे पत्रिकांऐवजी दीडशेच छापा. बाकीच्यांना तसंही व्हॉट्सअ‍ॅपवरच जाणार आहे :-)

न छापलेल्या साडेतीनशे पत्रिकांना कुठलंच सर्टिफिकेट लागत नाही. असो. पटतंय का बघा.