लहान गाडी, लहान स्थानके

जयविलास राजवाड्यातील भोजनाच्या मेजावरची चांदीची आगगाडी आपण पाहुण्यांना कौतुकाने दाखवितो. माधवराव शिंदे महाराजांनी प्रजेलाही एक लहान गाडी दिली होती. दोन फुटी रुळांवरून ग्वाल्हेर ते श्योपूर हे सुमारे २०० किलोमीटरचे अंतर ती दहा-अकरा तासांत कापीत असे.

ती सुरू असताना मी एकदा केवळ हौसेपोटी सबलगडपर्यंत जाऊन त्याच दिवशी परतलो. परतीच्या वाटेवर एका आडबाजूच्या स्थानकात मी इंजिनाचे छायाचित्र घेत होतो. तेवढ्यात तापाने फणफणलेले मूल कडेवर घेऊन एक आई डब्यात चढली. तिला कमलाराजा रुग्णालय गाठायचे होते. त्या इंजिनाचे वय किती, याच्याशी तिला कर्तव्य नव्हते.

मार्च २०२० मध्ये ती गाडी थांबली. आता त्या मार्गाचे टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेजमध्ये रूपांतर होत आहे. आम्हा हौशी मंडळींना हळहळ वाटणे स्वाभाविक आहे. परंतु श्योपूरकडील सहरिया वस्त्यांतील कुपोषण आम्हा बालरोगतज्ज्ञांना अपरिचित नाही. कुपोषित बालकाला अतिसार वा न्यूमोनिया झाला, तर वाटेत गेलेला प्रत्येक तास त्याच्या जिवावर बेतू शकतो. म्हणून वेगवान गाडीचे स्वागतच केले पाहिजे. मात्र वेगाच्या हिशेबात लहान थांबे गाळले गेले, तर त्या आईला नव्या गाडीचा काय उपयोग?

प्रत्येक लहान स्थानकावर थांबणारी, स्वस्त भाड्याची निदान एक गाडी सकाळी ग्वाल्हेरकडे यावी व संध्याकाळी परत जावी, असे निवेदन आपल्या संस्थेने रेल्वेकडे अवश्य द्यावे.