प्रकाशन विकताना

मराठी साहित्यव्यवहारात एखादी गोष्ट बंद पडली की तिच्याविषयीचा आदर वाढतो आणि विकली गेली की संशय. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद झाले, त्याविषयी अजूनही हळव्या सुरात बोलले जाते. साठोत्तरी लघुनियतकालिकांच्या बाबतीत तर अल्पायुषी असणे हाच गुण मानला गेला. त्यांच्यापुरते ते योग्यही होते, कारण प्रस्थापित होणे त्यांना नकोच होते. परंतु हीच फूटपट्टी पुस्तके काढणाऱ्या छोट्या प्रकाशनाला लावली की नुकसान लेखकाचे होते. नियतकालिक थांबले तरी निघालेला अंक वर्गणीदाराच्या घरी पोचलेला असतो; प्रकाशन थांबले की छापून ठेवलेली पुस्तकेही वाचकाला मिळेनाशी होतात.

निमित्त आमचेच आहे. आम्ही तिघे प्राध्यापक नोकरी सांभाळून एक लहानसे प्रकाशन चालवीत आलो. कवितासंग्रह, थोडी समीक्षा, दोन-तीन अनुवाद, एवढाच पसारा. नव्या शैक्षणिक धोरणाबरोबर आलेले नवे अभ्यासक्रम आणि मूल्यांकनाच्या फायली यांतून आता मुद्रिते वाचण्याइतकाही वेळ उरत नाही. त्यातच डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याने नोंदणीकृत बुकपोस्टची सवलत बंद केली आणि पातळशा संग्रहाचा पाठवणीचा खर्च त्याच्या किमतीशी स्पर्धा करू लागला. प्रकाशन विकायचे ठरवले, तेव्हा स्नेह्यांनी सल्ला दिला की विकण्यापेक्षा सन्मानाने बंद करा. या सल्ल्यात सन्मान आहे खरा. पण माळ्यावरच्या गठ्ठ्यांचे काय करावे हे त्यात नाही. (असल्या गठ्ठ्यांची शेवटची गिऱ्हाइके दोनच, वाळवी आणि रद्दीवाला.)

तेव्हा विकावे, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. प्रश्न आहे तो नेमके काय विकायचे हा.

शिल्लक प्रतींचा हिशेब सोपा. हक्कांचा मात्र अवघड. मराठीत छोट्या प्रकाशकाचा लेखकाशी होणारा करार बहुधा चहाच्या कपावर होतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे १९ वे कलम सांगते की हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि स्वाक्षरीसह असावे लागते. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. म्हणजे ज्या संग्रहांना आम्ही सवयीने ‘आमची पुस्तके’ म्हणतो, त्यांतल्या कित्येकांवर आमचा हक्क छापलेल्या प्रती विकण्यापलीकडे जात नाही. जे आपले नाही ते विक्रीच्या यादीत घालता येत नाही, हे कायदा नसता तरी खरेच होते.

उरते नाव. आणि गंमत अशी की खरी किंमत नावालाच येते. आमच्याकडे आलेल्या एका गिऱ्हाइकाला गठ्ठेही नको होते, हक्कही नको होते. त्यांना हवे होते फक्त प्रकाशनाचे नाव. कारण जाणकारांस सांगायला नको. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने पदोन्नतीसाठी गुणांकन आणले आणि आयएसबीएन असलेल्या स्थानिक प्रकाशकाच्या पुस्तकालाही त्यात गुण ठेवले. २०१८ मध्ये नियम बदलले. लागलेली सवय गेली नाही. जो क्रमांक राजा राममोहन राय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, त्याभोवती प्राध्यापकांकडून पैसे घेऊन पुस्तके काढणारा एक धंदा उभा राहिला. त्या धंद्याला जुने, थोडेफार विश्वासाचे नाव मिळाले तर हवेच असते.

आमच्या मते येथे ‘मालकाची मर्जी’ हा युक्तिवाद अपुरा पडतो. प्रकाशनाच्या नावाला जे वजन येते ते मालकाने दिलेले नसते. ज्यांनी आपले पहिले हस्तलिखित विश्वासाने आणून दिले त्यांनी ते दिलेले असते. उद्या त्याच नावाखाली विद्यार्थ्यांच्या प्रबंधांची कापाकापी करून केलेली पुस्तके निघू लागली, तर दहा वर्षांपूर्वीच्या संग्रहाचे मुखपृष्ठही वेगळे दिसू लागते. मलपृष्ठावरचे चिन्ह तेच असते. कवीने यात काय केले होते? त्याला तर व्यवहाराची कुणकुणही नसते. नाव नसेल तर किंमत निम्म्याहून खाली येते, असे आम्हाला बजावण्यात आले. ते खरेच आहे, आणि आमच्यापैकी एकाच्या डोक्यावर घराचे कर्ज आहे, हेही येथे लपवण्याचे कारण नाही.

तूर्त आम्ही असे केले आहे. नाव आमच्याबरोबर थांबेल. प्रती आणि, लेखकाने लेखी संमती दिली तरच, पुढील आवृत्तीचा हक्क, एवढेच एका तालुक्याच्या गावातील पुस्तकविक्रेत्याकडे जाईल; तो पैसे तीन हप्त्यांत देणार आहे. सर्व लेखकांना पत्रे गेली आहेत. एका कवयित्रीने उरलेल्या सगळ्या प्रती स्वतःच विकत घेण्याची इच्छा कळवली आहे. त्यांना त्या छपाईच्या खर्चात द्याव्यात की तशाच, यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.