शिळी चपाती आणि उत्तम त्याग



आज थोडं कडू लिहिणार आहे. राग आला तर आधी माझ्यावरच धरा, कारण गोष्ट माझ्याच स्वयंपाकघरातली आहे.

यंदा दशलक्षण पर्वात, उत्तम त्यागाच्या दिवशी, मंदिरात दानावरचं प्रवचन ऐकलं. आहारदान, औषधदान, शास्त्रदान, अभयदान, चारही दानं मनात घोळवत घरी आले. ओट्यावर आदल्या दिवशीच्या चार चपात्या आणि थोडी मुगाची उसळ होती. ती डब्यात भरून भांडी घासणाऱ्या मावशींना दिली. त्यांनी डबा घेतला आणि सहज विचारलं, "वैनी, रातचं शिळं तुमच्यात चालत न्हाई म्हणता, त्यात जीव पडत्यात. मग आमास्नी चालतंय व्हय?"

त्या भांडणाच्या सुरात बोलल्या नव्हत्या. मला उत्तर सुचलं नाही. आजही सुचलेलं नाही.

आपल्या घरात काय काय पाळतो बघा. पाणी गाळल्याशिवाय वापरत नाही. पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. एक दिवस वर गेला की ते पीठ आपल्याला नको. रात्र उलटलेलं अन्न अभक्ष्य. हे सगळं बरोबरच आहे, मीही पाळते. पण मग त्या अभक्ष्य अन्नाचं आपण करतो काय? मावशींना देतो, वॉचमनला देतो, आणि वर मनात म्हणतो, चला, तेवढंच दान झालं.

दोष फक्त स्वतः करण्यात नसतो. दुसऱ्याकडून करवण्यात आणि त्याला संमती देण्यातही असतो. कृत, कारित, अनुमोदना हे पाठशाळेतल्या मुलालाही येतं. जे खाल्ल्याने मला दोष लागतो, ते दुसऱ्याला खायला घालून मला पुण्य कसं लागेल? याला दान म्हणायचं नाही. याला फ्रिज रिकामा करणं म्हणतात.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात उमास्वामींनी दान म्हणजे काय ते एका ओळीत सांगितलंय. भलं व्हावं म्हणून आपल्या मालकीची वस्तू सोडणं, असा त्याचा भाव. त्यातला 'आपली' हा शब्द मला आता टोचतो. जी चपाती मी कचऱ्यातच टाकणार होते, ती माझी उरली कुठे होती? तिच्यावरचा माझा जीव रात्रीच सुटला होता. मग मी सोडलं काय?

त्याच अध्यायात अतिथिसंविभाग व्रताचे पाच अतिचार आहेत. त्यातले तीन घराघरांत दिसतात. परव्यपदेश, म्हणजे स्वतः देणं टाळून दुसऱ्याचं नाव पुढे करणं. कालातिक्रम, म्हणजे देण्याची वेळ टळू देणं. आणि मात्सर्य. मात्सर्याचा अर्थ टीकाकारांनी दोन प्रकारे सांगितलाय: देताना आदर नसणं, किंवा दुसऱ्या दात्याचा गुण सहन न होणं. कलशाच्या सवालाला शेजारणीपेक्षा हजार रुपये जास्त बोलताना आपल्या मनात काय चाललेलं असतं, ते ज्याचं त्याने तपासावं.

काही जणी म्हणतील, "हे नियम मुनींना आहार देण्याचे आहेत. मावशी काही पात्र नाहीत." मुनिराजांची गोष्ट वेगळी, हे मान्य. पडगाहनाला आपण शुद्ध वस्त्रं नेसून, हातात कलश घेऊन दारात उभ्या राहतो, त्यांच्या एका घासासाठी पहाटेपासून चौका लावतो. ती भक्ती माणसागणिक करा असं मी म्हणत नाही. पण आपल्याच शास्त्रांत करुणादानही सांगितलंय, आणि करुणेला पात्र-अपात्र बघायचं नसतं. शिवाय नासकं द्यावं असं तर कुठल्याच शास्त्रात लिहिलेलं नाही.

"मग अन्न टाकून द्यायचं का?" हा दुसरा प्रश्न माझ्या सासूबाईंनीच विचारला. नाही. मोजून करायचं. आणि उरणार असं दिसलं तर त्याच दिवशी, ताजं असताना, आधी विचारून द्यायचं: "मावशी, आज भाजी जास्त झालीय, न्याल का?" त्या नको म्हणाल्या तर राग मानायचा नाही. ज्याला नको म्हणण्याची मुभा नाही, त्याला आपण देत नसतो, त्याच्या गळ्यात मारत असतो.

आणि एक. पगार हे दान नाही, ते देणं आहे. सवालात एकावन्न हजार बोलायचे आणि मावशींच्या आजारपणाच्या दोन दिवसांचे पैसे कापायचे, हा हिशेब मला आता कळेनासा झालाय. आधी देणं वेळेवर चुकवावं, दान त्याच्या पुढे सुरू होतं.

खरं औदार्य कसं असतं ते शोधायला लांब जायला नको. कुंभोजचे कर्मवीर भाऊराव पाटील आपल्याच समाजातले. 1924 साली त्यांनी साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढलं. ती मुलं एकाच पंगतीत जेवत. पैसे संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्या मुलांच्या पोटासाठी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. त्यांनी दिलं ते उरलेलं नव्हतं. ते गळ्यातलं होतं.

आपल्याला मंगळसूत्र मोडायची वेळ आलेली नाही. आपल्याला फक्त दोन चपात्या जास्त लाटायच्या आहेत, ताज्या, आपल्याच पिठाच्या.

क्षमावाणीच्या दिवशी मी दोनशे जणांना व्हॉट्सअ‍ॅपवर 'उत्तम क्षमा' पाठवली. मावशींचं नाव त्या यादीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्या आल्यावर हात जोडून समोरच माफी मागितली. त्या अवघडल्या, "असू द्या वो वैनी" म्हणाल्या आणि भांड्यांकडे वळल्या. आता सकाळच्या चपात्या होतात तेव्हा त्यांचंही ताट आमच्याबरोबर वाढते, आमच्यातल्याच ताटात. त्यांना घरी न्यायचं असलं तर डबा भरून देते.

पटलं नाही तर जरूर भांडा माझ्याशी. पण आज रात्री फ्रिज उघडाल तेव्हा आत ठेवलेला तो डबा कुणासाठी ठेवलाय, एवढं एकदा स्वतःला विचारा.

जय जिनेंद्र.