उशाची फळी आणि आपली प्रतिष्ठा

गेल्या सभेत आम्ही एक साधी सूचना मांडली होती : उन्हाळी सुट्टीत वक्तृत्व आणि पाठांतर यांच्या जोडीला मुलांसाठी आठ दिवसांचा सुतारकामाचा वर्ग मंडळाने घ्यावा. सूचना हसण्यावारी गेली. ‘साहित्यमंडळाने आता रंधा मारायचा काय?’ असे एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले आणि सभागृहाने त्यांना दाद दिली. त्या दादेला हे उत्तर आहे.

प्रथम आमचाच अपराध सांगतो. वाडा सोडून सदनिकेत आलो, तेव्हा आजोबांचा सागवानी पलंग जिन्यातून वर जाईना. भंगारवाल्याने तो मिळेल त्या भावात नेला. आम्ही हुज्जतही घातली नाही. त्याच्या जागी चकचकीत पलंग आणला, भुसा रसायनात कालवून दाबलेल्या फळ्यांचा. बडोद्याचे दोन पावसाळे त्याने कसेबसे काढले. भिंतीची ओल लागून उशाची फळी कडेने फुगली, आणि भुशात एकदा सैल झालेला स्क्रू पुन्हा धरेना. विक्रेत्याने कानांवर हात ठेवले.

तेव्हा सत्तरी ओलांडलेले आम्ही हार्डवेअरच्या दुकानात गेलो. 18 मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडमधून 5 फूट रुंद व 3 फूट उंच तुकडा कापून घेतला. दोन इंची फोम, चिकटवण्यास फेविकॉल, लाकडाची एक पट्टी आणि पिना मारण्याचे हातयंत्र घेतले. कापड घरच्या जुन्या पडद्याचे. काम अवघड नाही, क्रमाचे आहे. कापड ताणून मागे पिना मारायच्या त्या आधी चारही बाजूंच्या मध्यावर एकेक, मग मध्याकडून कोपऱ्यांकडे. उलट केले तर पडलेली चुणी जात नाही. टांगण्याची पट्टी लांबीच्या दिशेने 45 अंशांत चिरावी. एक भाग भिंतीत, धार वर आणि भिंतीपासून दूर. दुसरा उलटा करून फळीच्या मागे. फळी वरून सोडली की ती स्वतःच्याच भाराने घट्ट बसते, आणि मागे राहिलेल्या फटीत वारा खेळतो, ओल फळीला शिवत नाही.

चुकलो अर्थातच. उंची जमिनीपासून धरली, गादी विसरलो. निम्मी फळी गादीआड गेली. पट्टी काढून सव्वा फूट वर पुन्हा ठोकली. पहिली भोके फळीआड झाकली आहेत, पण आम्हांस ठाऊक आहेत.

पाहावयास आलेल्या मेहुण्यांनी विचारले, ‘भाऊसाहेब, सुतार मिळाला नाही का?’ या प्रश्नात सुताराविषयी आस्था नव्हती. आमच्या हाताला लागलेल्या सरसाची लाज होती. सुताराच्या पोटावर पाय येतो म्हणणाऱ्यांना एवढेच विचारतो : भुशाचा पलंग हप्त्यांवर आणताना तो सुतार कोणाला आठवला होता? ज्याने एकदा स्वतः करवत सरळ चालवून पाहिली, तो त्याच्या मजुरीवर घासाघीस करीत नाही.

आणि हे कोणत्या शहरात? जेथे सयाजीराव महाराजांनी 1890 साली कलाभवन काढले, प्रा. त्रिभुवनदास गज्जरांनी देशी भाषेतून धंदेशिक्षणाचा आग्रह धरला, आणि दादासाहेब फाळके ज्याचे विद्यार्थी होते, त्या शहरात! महाराजांचा वारसा सांगताना आपण ग्रंथालय आणि कचेरी तेवढी उचलली. कलाभवन इतरांसाठी ठेवले.

भाषेचे म्हणाल तर तीही याच वाटेने जाते आहे. मराठी लोपत चालल्याची हळहळ या पानांवर नित्य छापली जाते. त्या दिवशी दुकानात आम्हांस गुण्या हवा होता. ना मराठी शब्द आठवला, ना गुजराती. अखेर बोटांचा काटकोन करून दाखविला. रंधा, पटाशी, गिरमिट, कानस हे शब्द कोशात सुरक्षित आहेत, असे कोणी म्हणेल. आहेत खरे. आमच्या नातवंडांनी मात्र त्यांतला एकही कधी हातात धरलेला नाही.

सूचना आम्ही पुन्हा मांडत आहोत. सभागृहामागील खोलीत मोडक्या खुर्च्या वर्षानुवर्षे पडून आहेत. वर्गाला सामान म्हणून त्या पुरेत. करवत, गुण्या आणि रंधा आम्ही देऊ. ज्येष्ठ सभासदांनी विरोध पुढील अंकात लेखी नोंदवावा. आणि त्यांची नेहमीची खुर्ची डगमगते, तेवढी पहिल्या दिवशी आमच्याकडे पाठवावी.