विश्लेषण : ताण मनावर, चरबी यकृतात?

सप्टेंबर २०२५च्या अतिवृष्टीने धाराशिव जिल्ह्यातील भूम, परंडा तालुक्यांत पिकांसह जमिनीही खरवडून नेल्या. भूम तालुक्यातील ईट परिसरात शेतीला दूध-खव्याची जोड असली, तरी कर्ज आणि पुढच्या पेरणीची चिंता सुटत नाही. या चिंतेने झोप उडते हे घरच्यांना दिसते. यकृतावर होणारा परिणाम मात्र कुणाला दिसत नाही.

फॅटी लिव्हर म्हणजे काय?
यकृताच्या पाच टक्क्यांहून अधिक पेशींत चरबी साठणे. दारूला कधी हात न लावणाऱ्यांनाही हा आजार होतो. ‘एम्स’च्या डॉक्टरांनी २०२२मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यानुसार, देशात त्याचे प्रमाण सुमारे ३८ टक्के आहे.

तणावाचा संबंध कसा?
सतत तणाव असला की शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढलेले राहते. त्यामुळे रक्तातील साखर वाढते, इन्सुलिनचा प्रभाव घटतो आणि पोटाभोवती चरबी साठते. तिचा काही भाग यकृतात जातो. अपुरी झोप, अवेळी जेवण, दिवसभर गोड चहा आणि काहींच्या बाबतीत दारू यांची त्यात भर पडते.

पुरावा काय सांगतो?
दक्षिण कोरियातील एक लाख ७० हजारांहून अधिक व्यक्तींच्या २०२०मधील अभ्यासात, जास्त तणाव असलेल्यांत फॅटी लिव्हर अधिक आढळले. मात्र, हा केवळ संबंध आहे. तणाव हेच कारण, असे त्यातून सिद्ध होत नाही. लठ्ठपणा आणि मधुमेह हीच प्रमुख कारणे आहेत.

तपासणी कुणी करावी?
मधुमेह, सुटलेले पोट किंवा रक्तदाब असलेल्यांनी. सुरुवातीला लक्षणे नसतात. उजव्या कुशीतले जडपण ‘गॅस’ म्हणून सोडून दिले जाते. रक्ततपासणी नॉर्मल आली तरी आजार असू शकतो, म्हणून सोनोग्राफीचा सल्ला दिला जातो. केंद्राने २०२१मध्येच हा आजार असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला आहे.

उपाय काय?
वजन सात ते दहा टक्के घटले तर यकृताची सूजही कमी होऊ शकते. शेतातले कष्ट असले तरी गोड, तळलेले आणि दारू यांना आवर हवाच. मनावरचा भार असह्य झाल्यास ‘टेली-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते. पीक गेल्याचा पंचनामा होतो. मनाचा आणि यकृताचा होत नाही. तो वेळीच आपला आपण करून घ्यावा लागतो.